वजन कुठं जातं, पाणी कुठं जातं: सिव्हिल इंजिनिअरिंगची चार वर्षं नीट शिकण्यासाठी

दर वर्षी प्रवेशाचे दिवस आले की नात्यागोत्यातून फोन सुरू होतात. "ताई, मुलीला सिव्हिल मिळतंय. घेऊ का कॉम्प्युटरची वाट बघू?" मी काही वर्षं साइटवर काम केलं, काही वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात, आणि आता शिकवते. त्यामुळे शाखा चांगली की वाईट यावर मी बोलत नाही. घेतलीच तर ती कशी शिकायची, एवढंच सांगते. कारण सत्तर टक्के गुण घेऊन बाहेर पडलेली आणि छज्ज्याची सळई वर बांधायची की खाली हे छातीठोकपणे न सांगू शकणारी मुलं मी दर वर्षी पाहते. ती आळशी नसतात. त्यांना चाळीसेक विषय सुटे सुटे शिकवलेले असतात.

हे विषय एका दोरीत ओवायचे असतील तर दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वजन कुठं जातं? पाणी कुठं जातं? स्ट्रक्चर, माती, पाया, भूकंप हे पहिल्या प्रश्नाचे विषय. नदी, धरण, गटार, रस्त्याचा निचरा, गळकी गच्ची हे दुसऱ्याचे. पुढचं सगळं या दोन प्रश्नांना धरूनच सांगणार आहे.

प्रवेशाआधी: प्रयोगशाळा बघून या

सीईटीचा निकाल लागला की सगळे मागच्या वर्षीचे कटऑफ बघून कॉलेजांचा क्रम लावतात. लावा, पण वरच्या चार-पाच पर्यायांत एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पुण्याचं सीओईपी १८५४ मध्ये सुरू झालं ते बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी तयार करून देण्यासाठी. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. ही नावं मोठी आहेत आणि तिथं जागा मिळाली तर प्रश्नच मिटला. पण बहुतेकांना जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात जावं लागतं, आणि त्यांच्यात फार फरक असतो. तो माहितीपत्रकात दिसत नाही.

गेलात की प्राचार्यांच्या केबिनपेक्षा काँक्रीट लॅब गाठा. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र, ज्याला सगळे सीटीएम म्हणतात, त्याच्याभोवती फुटलेल्या ठोकळ्यांचा चुरा पडलेला आहे का बघा. चुरा असेल तर यंत्र वापरात आहे. फरशी चकचकीत आणि यंत्रावर कापडाचं कव्हर असेल तर विचार करा. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून दोन गोष्टी विचारा: सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला एका लेव्हलमागे, म्हणजे जमिनीची पातळी मोजायच्या दुर्बिणीमागे, किती जण असतात, आणि गेल्या वर्षी कुठल्या साइटवर नेलं होतं. पाच-सहा जणांचा गट असेल तर प्रत्येकाच्या हाताला यंत्र लागतं. वीस जण असतील तर दोघं शिकतात आणि अठरा जण त्यांची वही उतरवतात.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येण्याचा रस्ताही आहे आणि मला तो आवडतो. डिप्लोमाच्या मुलांचा हात ड्रॉइंगवर आणि एस्टिमेटवर बसलेला असतो. त्यांचं गणित मात्र कच्चं राहतं. थेट दुसऱ्या वर्षाला येणार असाल तर मधल्या सुट्टीत कलनाची, म्हणजे डिफरन्शिएशन-इंटिग्रेशनची, पक्की उजळणी करा.

पहिलं वर्ष: मेकॅनिक्स सोडून बाकी सगळं दुय्यम

पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग, इलेक्ट्रिकल असं सगळ्या शाखांचं मिळून काहीबाही असतं. पास व्हायला हवंच. पण तुमचा खरा विषय इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, आणि त्यातही फ्री बॉडी डायग्राम. एखादी वस्तू बाकीच्या जगापासून सोडवून कागदावर एकटी काढायची आणि तिच्यावर कोण कोण किती जोर लावतंय ते बाणांनी दाखवायचं. इथं कच्चे राहिलात तर पुढची तीन वर्षं सूत्रं पाठ करण्यात जातात.

एक उदाहरण अगदी शेवटपर्यंत सोडवू. दोघांनी बांबू खांद्यावर घेतलाय आणि मध्ये भरलेली घागर लटकवलीय. घागर ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर जास्त भार, हे खेड्यातल्या पोराला शिकवावं लागत नाही. आता बांबूच्या जागी ६ मीटर लांबीचा बीम घ्या, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला. डाव्या टोकापासून २ मीटरवर ३० किलोन्यूटनचा भार. डावा आधार किती उचलतो? उजव्या टोकाभोवती आघूर्ण, म्हणजे जोर गुणिले अंतर, घ्या: ३० गुणिले ४, भागिले ६, म्हणजे २० किलोन्यूटन. उजवा उरलेले १०. भाराखालचं बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवू पाहणारं आघूर्ण, २० गुणिले २, म्हणजे ४० किलोन्यूटन-मीटर. उजवीकडून तपासा: १० गुणिले ४, तेच ४०. जुळलं. बांबूलाही वाकवणारा जोर तिथंच सगळ्यात जास्त असतो.

अशी तीन गणितं रोज, हाताने, पेन्सिलने. आकृती पानभर मोठी काढा. आधी उत्तराचा अंदाज लिहा, मग आकडेमोड करा. अंदाज आणि उत्तर यांत दहापट फरक आला तर चूक कुठं आहे ते सापडेपर्यंत उठू नका. पुढे सॉफ्टवेअरने चुकीचं उत्तर दिलं तर ते ओळखण्याची ताकद या सवयीतूनच येते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतली आहे. पहिल्या सहामाहीत वर्गात काय चाललंय यातलं अर्धं कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. मग मी एक छोटी वही केली. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द देवनागरीत, उजव्या बाजूला गावाकडचा शब्द किंवा चित्र. शिअर म्हणजे कात्रीनं कापावं तसा जोर. टेन्शन म्हणजे नाडा ओढल्यावरचा ताण. प्लिंथ म्हणजे जोतं. प्लास्टर म्हणजे गिलावा. प्लंब बॉब म्हणजे ओळंबा. दिवाळीपर्यंत वही भरली आणि भीतीही कमी झाली. उत्तरपत्रिकेत सोपी, तुटक इंग्रजी वाक्यं चालतात. आकृती स्वच्छ आणि एककं बरोबर असली की परीक्षक भाषेवर अडत नाही.

ड्रॉइंगचा तास चुकवू नका. कागदावरची वस्तू डोक्यातल्या डोक्यात फिरवता येणं हे सरावानेच जमतं. संगणकावरची रेघ काढणं नंतर पंधरा दिवसांत शिकता येतं.

दुसरं वर्ष: उन्हात उभं राहून शिकायचं

दुसऱ्या वर्षी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, फ्लुइड मेकॅनिक्स, सर्व्हेइंग, जिऑलॉजी आणि बांधकाम साहित्य येतं. बहुतेकांची गाडी पहिल्या दोन विषयांत अडकते आणि सर्व्हेइंग म्हणजे फुकटचे गुण समजून सोडून दिलं जातं. माझ्या मते हे उलटं आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात ऑटो लेव्हल दिली जाईल, आणि तुम्ही सांगितलेल्या पातळीवर लोक खोदायला लागतील.

लेव्हलिंगची वही कशी लिहायची ते एकदा नीट बघा. ज्याची पातळी माहीत आहे अशा बेंचमार्कवर पट्टी ठेवली, बेंचमार्क १००.०००. मागचं वाचन १.२५०. म्हणजे दुर्बिणीची नजर १०१.२५० वर. मधल्या बिंदूवर वाचन ०.८४५, तर त्याची पातळी १००.४०५. शेवटच्या बिंदूवर पुढचं वाचन १.६३०, पातळी ९९.६२०. आता ताळा: मागच्या वाचनांच्या बेरजेतून पुढच्यांची वजा करा, १.२५० वजा १.६३० म्हणजे उणे ०.३८०. शेवटची पातळी वजा पहिली, तेही उणे ०.३८०. जुळलं. पण हा ताळा फक्त आकडेमोडीचा आहे. पट्टी तिरकी धरली असेल किंवा वाचनच चुकलं असेल तर तो गप्प बसतो. म्हणून काम संपलं की फिरून मूळ बेंचमार्कवर यायचं आणि १००.००० परत मिळतात का बघायचं. कॉलेजात हे कोणी सक्तीने करून घेत नाही. तुम्ही करा. आणि वहीतला चुकलेला आकडा खोडरबरने पुसू नका. एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा.

जमलं तर सुट्टीत गावी जाऊन आपल्या वस्तीतल्या गटाराच्या पातळ्या काढा. शंभर मीटरच्या गटारात पाणी मध्येच का तुंबतं याचं उत्तर वहीत दिसेल. कुठंतरी दहा मीटरचा तुकडा उलट उताराचा निघतो. पाणी कुठं जातं, या प्रश्नाशी तुमची ही पहिली खरी गाठ.

जिऑलॉजीला मुलं कंटाळतात, कारण तो विषय पेटीतल्या दगडांच्या नावांवर संपवला जातो. महाराष्ट्रात राहणाऱ्याने तरी कंटाळू नये. आपला बहुतेक प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या बेसाल्टचा आहे. घाटात रस्ता कापलेला असतो तिथं गाडी सुरक्षित जागी थांबवून बघा. काळ्या थरांच्या मध्ये लालसर मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळातला तो थर मऊ असतो, पाण्याने झिजतो, आणि धरणाच्या पायाला किंवा बोगद्याला त्रास देतो. खाली कोकणात गेलात की जांभा. चिऱ्याची घरं त्याचीच. मराठवाडा-विदर्भात काळी कापसाची माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतीला जिन्यासारखा तिरका तडा जातो. अशी भिंत तुमच्या गावात नक्की असेल. तिचा फोटो काढून ठेवा, तिसऱ्या वर्षी सॉइल मेकॅनिक्सला उपयोगी पडेल.

तिसरं वर्ष: कोड उघडून वाचा

इथं सगळ्यात जास्त थांबायचं. स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, आरसीसी, माती, हायड्रॉलॉजी, सांडपाणी, रस्ते सगळं एकदम अंगावर येतं. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात एक काम देते: आपण राहतो त्या खोलीच्या स्लॅबचं वजन काढा.

समजा खोली ३ बाय ४ मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर जाड. सळईसकट काँक्रीटचं एकक वजन २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं तर स्लॅबचं स्वतःचं वजन ३.१२५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. फरशी आणि खालचा थर यांचा साधारण १. घरात माणसं-सामान यांच्यासाठी आयएस ८७५ या भारांच्या मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे २. एकूण ६.१२५. बारा चौरस मीटरला ७३.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेसात टन. एवढं वजन तुमच्या डोक्यावर रोज तरंगतंय. आता ते जातं कुठं? स्लॅबमधून बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये, कॉलममधून फुटिंगमध्ये, म्हणजे पायात, फुटिंगमधून मुरमात. प्रत्येक टप्प्याला आकडा लिहा. शेवटी मातीवर किती दाब येतो ते काढा. हे एक पान लिहिलं की आरसीसी, फाउंडेशन आणि अ‍ॅनालिसिस हे तीन विषय एकमेकांशी बोलायला लागतात.

मग आयएस ४५६ हा काँक्रीट बांधकामाचा कोड घ्या, साल २००० ची आवृत्ती. भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मानकं मोफत उतरवता येतात. गाइडमधल्या उताऱ्यांवर भागवू नका. कोड कादंबरीसारखा वाचायचा नसतो. प्रश्न घेऊन उघडायचा असतो. प्रश्न असा घ्या: एकाच आराखड्याचं घर पुण्यात आणि गुहागरच्या किनाऱ्यावर बांधायचंय, काय बदलेल? कोडमध्ये हवामानानुसार पाच वर्ग आहेत. किनारी हवेतलं उघडं काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात जातं. तिथं किमान एम३० काँक्रीट (२८ दिवसांनी ठोकळा ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर सोसेल असं), सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, सिमेंटला पाण्याचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. पुण्यातलं घर 'मॉडरेट' धरलं तर एम२५, ३० मिलिमीटर आणि ०.५०. हे आकडे तुम्हाला कोडमधल्या तक्त्यांत सापडतील. पण कारण शोधा: खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि कव्हर फोडून बाहेर पडतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या बाल्कन्यांखाली लटकणारे पापुद्रे याचेच.

भूकंप शिकताना आपल्याकडची दोन प्रकरणं समोर ठेवा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. १०३ मीटर उंच धरण टिकलं, पण त्याच्या वरच्या भागात, जिथं पाठीचा उतार बदलतो त्या पातळीला, भेगा पडल्या. जगभरच्या अभ्यासकांनी ते धरण गणितात सोडवून पाहिलंय. आणि ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात तीच घरं थंडगार असायची. भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, हे सूत्र आपण फळ्यावर एका ओळीत लिहितो. किल्लारीत ते वस्तुमान झोपलेल्या माणसांवर आलं. आयएस १८९३ आणि आयएस १३९२० हे भूकंपाचे कोड शिकताना कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांमधलं अंतर आणि हुकाचा १३५ अंशाचा वाक हे तपशील कंटाळवाणे वाटले तर किल्लारी आठवा.

दुसऱ्या प्रश्नाकडे. हायड्रॉलॉजीत एक साधं सूत्र आहे: वाहणारं पाणी म्हणजे गुणांक गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्र, भागिले ३६०. तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये, क्षेत्र हेक्टरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून आखली होती, म्हणजे निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं मानून. १० हेक्टरला हे ०.३५ घनमीटर प्रति सेकंद येतं. आता तासाला ५० मिलिमीटर धरा, आणि सगळीकडे डांबर-काँक्रीट झालंय म्हणून गुणांक १. उत्तर १.३९, चौपट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वर समुद्राला भरती. शहर का बुडालं हे अर्ध्या पानात समजतं. नाले साफ केले की झालं, असं म्हणणाऱ्यांना तुम्ही आकड्याने उत्तर देऊ शकाल.

साइट: तिसऱ्या वर्षाची उन्हाळी सुट्टी

इंटर्नशिपचं प्रमाणपत्र ओळखीने मिळतं आणि बरीच मुलं तेवढंच घेतात. कृपा करून असं करू नका. सहा आठवडे खरंच साइटवर जा. मोठं नाव असलेली कंपनीच हवी असंही नाही. चार मजली इमारत उभी राहत असेल अशी साइट उत्तम, कारण तिथं सगळी कामं एकाच वेळी बघायला मिळतात. बुटांचा तळवा जाड हवा, हेल्मेट स्वतःचं, खिशात पाच मीटरचा टेप, छोटी वही आणि पेन्सिल. मुलींनी पहिल्या दिवशीच स्वच्छतागृहाची सोय कुठं आहे हे स्पष्ट विचारावं. संकोचाने दिवसभर पाणी न पिता उन्हात उभं राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सोय नसेल तर कॉलेजला कळवून साइट बदलून घ्या. हा तुमचा हक्क आहे.

पहिला आठवडा फिटरबरोबर काढा. तो सळई कापतो, वाकवतो, बांधतो. त्याच्याकडे ड्रॉइंगची सुरकुतलेली प्रत असते. तुम्ही मूळ ड्रॉइंग घेऊन कॉलममधल्या सळया मोजा, रिंगांमधलं अंतर टेपने मोजा, कव्हर ब्लॉक कुठं कुठं लावलेत बघा. वजन काढायला सूत्र लक्षात ठेवा: व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो. ट्रक आला की काट्याच्या पावतीशी हिशेब जुळवून बघा. वाळू-खडी ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पुस्तकात ब्रास नसतो आणि साइटवर घनमीटर नसतो, दोन्ही यायला हवं.

माझ्या इंटर्नशिपमधली एक गोष्ट सांगते. स्लॅब भरायच्या दिवशी मी सकाळीच सगळं तपासलं होतं, वहीत टिक केली होती. बाहेर निघालेल्या गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला बांधलेली होती, ड्रॉइंगप्रमाणे. काँक्रीट सुरू झालं, घमेली घेऊन माणसांची ये-जा सुरू झाली. मी दुसऱ्या टोकाला ठोकळे भरत होते. तेवढ्यात फिटरमामा ओरडले, "मॅडम, इकडं या आधी." माणसांच्या पायांखाली वरची जाळी दाबली जाऊन जवळजवळ खालच्या तळाला टेकली होती. खाली पुरेशा खुर्च्याच, म्हणजे जाळी उचलून धरणारे सळईचे वाकवलेले तुकडे, दिलेल्या नव्हत्या. एका टोकाला धरलेल्या गॅलरीत ताण वरच्या बाजूला येतो, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहून पूर्ण गुण घेतले होते. त्या दिवशी मामांनी काम थांबवलं, सळईच्या तुकड्यांच्या खुर्च्या वाकवून जाळी वर उचलली, फळ्या टाकून चालायची वाट केली, मग पुढे भरू दिलं. ते नसते तर सेंट्रिंग काढताना काय झालं असतं, याचा मी आजही विचार करते. तेव्हापासून काँक्रीट भरताना बाहेर निघालेल्या भागाशेजारी मी स्वतः उभी राहते, आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगते: सकाळची टिक पुरत नाही.

काँक्रीटमध्ये पाणी किती पडतंय ते बघा. ५० किलोच्या गोणीला ०.५ प्रमाणाने २५ लिटर. माल घट्ट वाटतो म्हणून कोणी दहा लिटरची एक बादली वर ओतली की प्रमाण ०.७ होतं, आणि ताकद कोसळते. ओला माल किती पातळ आहे ते दाखवणारा स्लम्प शंकू लावून माप घ्या, वाद घालण्यापेक्षा आकडा दाखवा. माल सोपा हवा असेल तर त्यासाठी रसायनं मिळतात. ठोकळे १५० मिलिमीटरचे, तुम्ही स्वतः भरा, खुणेची चिठ्ठी स्वतः लावा आणि २८ दिवसांनी फोडायला हजर राहा. एम२५ चा ठोकळा २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर सोसतो म्हणजे यंत्रावर ५६२.५ किलोन्यूटनचा आकडा दिसायला हवा. कागदावर वाचलेला हा आकडा आणि कानांनी ऐकलेला ठोकळा फुटण्याचा आवाज, दोन्ही मिळून तो विषय डोक्यात बसतो.

काँक्रीट भरल्यावरचं काम सगळे विसरतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान १०. आज बाजारात बहुतेक गोण्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, पण साइटवर आठवड्यानंतर कोणी पाइप उचलत नाही. टेकूही घाईने काढू नका: साध्या सिमेंटसाठी कोडमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस सांगितलेत.

गवंड्याकडूनही शिका. ३-४-५ चा दोरीचा काटकोन, पाण्याच्या पारदर्शक नळीने दोन खोल्यांची पातळी जुळवणं, ओळंब्याने कॉलम उभा आहे का बघणं. त्यांना 'मामा', 'काका' म्हणून विचारलं तर कोणी हात राखून सांगत नाही. मला तरी कधी तसा अनुभव आला नाही.

शेवटचं वर्ष: प्रोजेक्ट गावाचा घ्या

प्लास्टिकच्या बाटल्यांच्या विटा आणि नारळाच्या काथ्याचं काँक्रीट हे विषय वाईट नाहीत, पण तेच ते अहवाल वर्षानुवर्षं फिरतायत. त्याऐवजी जवळची एक खरी अडचण घ्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा जवळ असेल तर उत्तम. पावसाळ्यात त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून ठेवतात आणि पाऊस ओसरला की परत बसवतात. बर्गे वेळेवर बसले नाहीत किंवा गळके असले तर किती पाणी वाहून जातं, हे मोजा. प्रवाह मोजायला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधला व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली पट्टी, तोवर तुमच्या ओळखीचा झालेला असेल. किंवा गावच्या नळयोजनेच्या टाकीत रात्रभर किती पातळी उतरते त्यावरून गळती काढा. अशा प्रोजेक्टला खर्च थोडा लागतो आणि तोंडी परीक्षेत कोणी अडवू शकत नाही, कारण आकडे तुम्ही स्वतः मोजलेले असतात.

एस्टिमेटिंगला बांधकाम खात्याची दरसूची घेऊन एक पूर्ण घर काढा: खोदकामापासून रंगापर्यंत. मोजमाप पुस्तिका कशी भरतात ते एखाद्या ठेकेदाराकडे बसून बघा. सरकारी कामात सगळं बिल त्या पुस्तिकेवर चालतं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ऑटोकॅड दुसऱ्या वर्षी, स्टॅड किंवा ईटॅब्स ही स्ट्रक्चरचं गणित सोडवणारी सॉफ्टवेअरं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, एक्सेल मात्र पहिल्यापासून. महागड्या क्लासची घाई नको. प्रत्येक मॉडेलचा एक बीम हाताने सोडवून ताडून बघा, आणि सगळ्या आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज टाकलेल्या एकूण भाराएवढी येते का ते पहिल्यांदा तपासा.

पुढे काय, हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवलं तरी चालतं. एम.टेक. करायचं किंवा काही सरकारी कंपन्यांत जायचं तर गेट. तीन तासांची, १०० गुणांची परीक्षा, गुणांक तीन वर्षं चालतो. सरकारी सेवेसाठी एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, केंद्राची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, शिवाय जलसंपदा, बांधकाम खातं आणि जिल्हा परिषदांतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागा. या सगळ्यांचा गाभा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचाच अभ्यास असतो. अभ्यास हाताने केला असेल तर वेगळ्या क्लासची गरज बऱ्याच जणांना लागत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत. मात्र एकाच परीक्षेवर चार-पाच वर्षं घालवू नका. दोन प्रयत्नांनंतर साइटवर किंवा ऑफिसात रुजू व्हा आणि तिथून अभ्यास करा. पहिला पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा कमी असेल, हे घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर मन मोडत नाही.

नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून डायरी ठेवा. तारीख, हवामान, कुठला भाग भरला, किती गोण्या गेल्या, ठोकळ्यांचे क्रमांक, कोणी काय तोंडी सांगितलं. तोंडी सूचना मिळाली की त्याच संध्याकाळी ती लेखी पाठवून ठेवा. आणि ज्या दिवशी गॅलरीचा स्लॅब असेल त्या दिवशी दुपारचा डबा साइटवरच मागवा, भरणं संपेपर्यंत खाली उतरू नका.